अधीक्षकांना माझा हातमोजा पुन्हा एकदा घालावयास लावण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
विभागीय कागद भांडार, नागपूर

विषय : टंकलेखनाचा हातमोजा परत मिळणे व तत्पूर्वी तो कार्यालय अधीक्षकांच्या हातात चढविणे.

संदर्भ : मला दप्तरखान्यात शिपाई म्हणून पाठविण्याबाबत आपला आदेश, दि. २१ फेब्रुवारी १९८३.

महोदय,

१. मी वाडी येथील गोदामात टंकलेखिका आहे. गेल्या वर्षी ट्रकमधून उतरविताना कागदाचा गठ्ठा माझ्या डाव्या हातावर पडला. टंकलेखिका तेथे काय करीत होती, असा प्रश्न आपणांस पडेल. अधीक्षक श्री. मार्तंडराव हरकरे यांनी मला हमालांवर देखरेखीस उभे केले होते. तेव्हापासून या हाताची बोटे वळत नाहीत. मराठी यंत्रावर शिफ्ट दाबून धरल्याशिवाय कित्येक अक्षरे उमटत नाहीत. एका हाताने शिफ्ट धरावी की अक्षर दाबावे?

२. म्हणून मी हातमोजा तयार केला. डाव्या हाताच्या लोकरी मोज्यावर, तळव्यापासून बोटांपर्यंत, ब्लाऊजची टिचबटणे बसविली. ती माझ्या आत्येसासूबाई यमुताई यांनी शिवून दिली, कारण मला सुईत दोरा ओवता येत नाही. तारा मी दातांनी सोलल्या. प्रत्येक बटणाची तार विजेच्या घंटीच्या गुंडाळीला आणि ती गुंडाळी यंत्राच्या एकेका पट्टीला जोडली, शिफ्टलाही एक बटण दिले. उजव्या बोटांवर पितळी टोप्या घालून बटणास स्पर्श केला की गुंडाळी पट्टी ओढते आणि अक्षर उमटते. त्यावर मी पूर्वीइतक्याच वेगाने टंकू लागले. त्या दिवशी मी घरी जाऊन आनंदाने रडले, हेही नमूद करते.

३. श्री. हरकरे यांनी "तपासणीसाठी" म्हणून मोजा मागितला, 'सुस्वागतम्' एवढा एकच शब्द त्यावर टंकावयास माझ्याकडून शिकून घेतला आणि मोजा आपल्या कपाटात कुलूपबंद केला. पुढे आपल्या भेटीच्या दिवशी तो त्यांनी "स्वतःचा शोध" म्हणून आपल्यासमोर सादर केला. मला त्या वेळी मागच्या गोदामात झुरळांचे औषध टाकण्यास पाठविले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

४. 'सुस्वागतम्' उमटले. आपण कौतुक केलेत. कौतुकाने श्री. हरकरे यांना तलफ आली, आणि ज्या हातात मोजा होता त्याच हातावर त्यांनी सवयीने तंबाखू व चुना घेऊन, पितळी टोपीच्या अंगठ्याने मळावयास सुरुवात केली. शिपाई कवडू याचे शब्द जसेच्या तसे देते : "साहेब तंबाकू मळून राहिले होते, बाई, अन् मशीन आपल्याच मनानं ठोकून राहिली होती. कोनाले काई समजेच ना!" पट्ट्या एकमेकींत अडकल्या, कागद फाटला, शाईची फीत सुटून आपल्या कोटावर आली. त्याबद्दल मला खेद आहे, फक्त कोटाबद्दल.

५. तोपर्यंत मोजा श्री. हरकरे यांचा होता. फीत कोटाला लागताच तो माझा झाला. "हे सदोष यंत्र प्रमोदिनीबाईंचे आहे" असे त्यांनी आपणांस लेखी कळविले आणि त्यावरून आपण मला टंकलेखनास अपात्र ठरविले. महोदय, यंत्र सदोष नव्हते. बटणास स्पर्श झाला, अक्षर उमटले. तंबाखू मळणाऱ्यास आवरणे हे त्याचे काम नव्हे.

६. सबब विनंती की, आदेश रद्द करावा व मला मोजा घालून परीक्षा द्यावयाची संधी मिळावी. मी नापास झाल्यास दप्तरखान्यात मुकाट्याने जाईन.

७. मात्र त्याआधी श्री. हरकरे यांनी सर्व कर्मचाऱ्यांसमोर तो मोजा घालून एक ओळ टंकावी : "हा मोजा प्रमोदिनी घटवाई यांनी तयार केला." शासकीय नियमांत सूड कोणत्या कलमात बसतो हे मला ठाऊक नाही, म्हणून याला चौकशी म्हणावे. बटणांवर अक्षरे लिहिलेली नाहीत. ती मी शिकवीन. त्यांनी माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसावे. चूक झाली की कागद काढून ओळ पहिल्यापासून. ओळ बिनचूक येईपर्यंत त्यांना उठू देऊ नये आणि तंबाखूची पुडी कवडूच्या ताब्यात असावी. मला घाई नाही. माझी बोटे वळावयाची थांबली आहेत. त्यांची वळेपर्यंत मी बसून राहीन.

आपली नम्र, परंतु याबाबतीत न ऐकणारी,

(सौ. प्रमोदिनी कृष्णकांत घटवाई)
धरमपेठ, नागपूर
दि. ७ मार्च १९८३

सोबत : डाव्या हाताचा वैद्यकीय दाखला.