पोळ्याआधीच झालेला पोळा

आई, पोळ्याला आठ दिवस राहिले आहेत. तुझ्या हिशेबानं आज पत्र पेटीत पडायला हवं, म्हणून लिहायला बसलो. तू जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी आता तुझ्यापेक्षा म्हातारा झालो आहे, तेव्हा घाई कुणालाच नाही.

मी आसामात नोकरीला गेलो तेव्हा बाबा नव्हते. प्रताप नगरातल्या दोन खोल्यांत तू एकटी. दर सणाला तुझं पत्र यायचं, आणि तेही नेमकं सणाच्याच दिवशी. दिवाळीचं यायचं, संक्रांतीचं यायचं, पण माझं लाडकं पत्र तान्ह्या पोळ्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, हे तिकडे कुणाला ठाऊक? ऑफिसातले लोक हसले की मी तुझं पत्रच काढून वाचून दाखवायचो. 'पोळा छान झाला. तुझ्या बैलाच्या शिंगांना बेगड लावली. शेजारच्या पोरानं तो साऱ्या गल्लीत फिरवला. समोरच्या काकूनं ओवाळलं. पुरण मऊ शिजलं, घरी सहा बाया जेवल्या. तू काळजी करू नको.' चौथी शिकलेल्या बाईचं ते अक्षर, प्रत्येक ओळ शेवटी वर चढलेली. बाहेर धो धो पाऊस, ताटात माशाचं कालवण, आणि मला पुरणाचा वास येतो आहे. खरंच सांगतो, यायचा.

मग ते सातवं वर्ष. पावसानं डाक रेंगाळेल म्हणून तू पत्र आणखी चार दिवस आधी टाकलंस, आणि डाकेनं नेमकी त्याच वर्षी घाई केली. पोळा पाच दिवसांवर, आणि माझ्या हातात पत्र, 'पोळा छान झाला.' आधी मी एकटाच हसत सुटलो. मग पत्र पुन्हा वाचलं. तसाच साहेबांकडे गेलो, सुटी मागितली, आणि ते पत्र खिशात घालून गाडीत बसलो. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दारात उभा राहिलो तर तू वांगं चिरत बसली होतीस. एकच वांगं.

"अवं माय! काहून आला गा तू? बरं नाही का तुले?"

मी पत्र काढलं. "पोळा कसा झाला ते पाहायला आलो."

तू पत्राकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि लाजायचं सोडून उलट मलाच धारेवर धरलंस. "मले का मालूम, डाक इतक्या जल्दी जाते म्हणून! अन् तूही अजीबच आहे. पत्र आलं तं वाचून ठेवून द्यावं. त्याच्यासाठी का कोणी आसामातून येते?"

घरात पुरण नव्हतं. बैल फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी, एक चाक कधीचं निखळलेलं. तो गल्ली फिरणार तरी कसा? आणि शेजारचा पोरगा तर केव्हाच कन्हानला राहायला गेलेला. मला रडू आलं. ते पाहून तू ओरडलीस, "आता रडून काहून राहिला? लिवलं आहे तं करून टाकू. वाच!"

मी वाचत गेलो आणि आपण करत गेलो. सदरच्या बाजारातून बेगड आणली. चाकाच्या जागी बूटपॉलिशच्या डबीचं झाकण ठोकलं. तू डाळ शिजत घातलीस. दुपारी मी, बत्तीस वर्षांचा मिशाळ गडी, सुतळीनं लाकडी बैल ओढत गल्लीभर हिंडलो, मागे पोरांची ही पलटण. काकूनं ओवाळता ओवाळता तुला हाक मारली, "अवं, याच्यासाठी बायको पाह्य आता, बैल काय ओढून राहिला!" तू पदर तोंडाशी धरून इतकी हसलीस की ओट्यावर बसावं लागलं. संध्याकाळी पत्रावर बोट ठेवून म्हणालीस, "सहा बाया राहिल्या," आणि स्वतः जाऊन बोलावून आणल्यास. जेवायला बसल्या तेव्हा सात निघाल्या. पुरण मात्र थोडं करपलं होतं.

त्यानंतर तू होतीस तोवर एकही पोळा मी चुकवला नाही. पण आई, त्याआधीचे किती सण तू नुसत्या शाईनं केलेस माझ्यासाठी! परगावचा माणूस एकटा पडतो तो सणाच्याच दिवशी, आणि मी त्या दिवशी कधी एकटा पडलो नाही. हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. फार केलंस गं माझ्यासाठी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या दिवशी जेवणं झाल्यावर तू विचारलंस, "आधी कधी समजलं नाही का गा तुले?" मी म्हणालो, "नाही, यंदाच कळलं." सहा वर्षं आपलं बेमालूम चाललं म्हणून तू केवढी खूश झालीस. पण पाकिटावर शिक्का असतो, आई, तारखेसकट. पहिल्याच वर्षी पाहिला होता मी, पोळ्याच्या आठ दिवस आधीचा. कळलं म्हटलं असतं तर घरी यावं लागलं असतं, आणि सणासुदीलाही जो टेबलाशी दिसायचा त्यालाच तिकडे बढती मिळायची. म्हणून दर वर्षी पत्र काढून घ्यायचो आणि पाकीट फाडून टाकायचो.