मेंढीच्या पायातला काटा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धाकटा अजून तेच विचारतो. काल कॉलेज सुटल्यावर डिंगोऱ्याला गेले, त्यानं चहा ठेवला आणि कप माझ्या हातात देता देताच म्हणाला, "आक्का, मी काटा काढाया थांबलो नसतो तर आप्पा वाचलं असतं ना?" खरंच शीण येतो हो या प्रश्नाचा.

पण त्याच्या डोक्यात तो घातला मी कॉलेजात शिकवते त्या माझ्याच विषयानं. तुम्ही चुलीपाशी दुधात भाकरी कुस्करत विचारलं होतंत, "पोरांना शिकवती तरी काय गं?" मी ऐटीत सांगितलं, सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी पुढं सगळंच बदलून जातं, नियम पक्के ठाऊक असले तरी लांबचं काही सांगता येत नाही. "सांगता येत न्हाई, हे सांगायचा पगार देत्यात व्हय?" म्हणत तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. धाकटा हसला नाही. ते केसाएवढं त्याच्या मनात राहिलं.

त्या सकाळी तुम्ही दोघं मेंढरं घेऊन निघालात आणि एक मेंढी लंगडायला लागली. काटा दिसला की मुक्कामापर्यंत ठेवायचा नाही, जागीच काढायचा, हा शिरस्ता तुमचाच. एकदा त्यानं टाळाटाळ केली तर तुम्ही त्यालाच अनवाणी चालवलं होतंत! म्हणून तो थांबला, तुम्ही कळप थोपवलात. तेवढ्या उशिरानं मेंढरं डांबरी सडकेवर चढली आणि वळणावरून ट्रक आला. त्यांना मागं रेटायला तुम्ही धावलात. मेंढरं वाचली.

काल मी त्याला ठामपणे म्हणाले, "काट्यानं काही झालं नाही रे." परीक्षेत कुणी असं लिहिलं तर मी लाल रेघ मारीन. काट्यानं फरक पडलाच. पण त्या सकाळी तुम्ही दुसऱ्यांदा चहा मागितलात, कुत्रं मागं राहिलं, ट्रकवाला कुठं तंबाखू मळायला थांबला असेल, त्या सगळ्यानंच पडला. ते सगळं एकट्या त्यानंच का वाहायचं?

"मग तू शिकवती ते?"

"ते कागदावरचं."

 तो "बरं" म्हणाला आणि गार झालेला चहा प्यायला.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, त्याच्या हाती लागायला नको. फक्त तुम्हाला सांगते आप्पा, मीही अजून मनात तो काटा मेंढीच्या पायात तसाच ठेवून बघते, आणि संध्याकाळी तुम्ही घरी येता.