दुधाची धार

फ्रँकफर्ट, रविवार संध्याकाळ

सूनबाई, मी बोलते तसंच लिही, सुधारू नकोस.

आज मुग्धाची होणारी सासू इंग्लंडहून आली. माझ्या होकाराशिवाय नात साखरपुडा करणार नाही, म्हणून मी चांगली ताठ बसले होते. बाईने स्वतः चहा करायला घेतला. आधी रिकाम्या किटलीला गरम पाण्याने ऊब दिली आणि ते पाणी चक्क ओतून टाकलं! मग पत्ती, कढत पाणी, वर लोकरीची टोपी. न उकळता कसला चहा? म्हटलं, "मुग्धा, शेगडीवर ठेव गं." तर जर्मनमध्ये थांब म्हणते, "वार्टे, आजी!" थांबले बाई.

मग ती माझ्या कपात दुधाची बारीक धार सोडू लागली. नजर कपावर नाही, माझ्या तोंडावर. मी मान हलवेपर्यंत धार चालूच. जन्मभर घरादाराला चहा दिला मी, पण तुम्हाला कसा हवा, हे मला कोणी विचारलं? तूही नाहीस, लिही तेही! हिने तर न बोलता विचारलं. मी बघतच राहिले. ती धार अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

चहात ना आलं, ना साखर. तरी दोन कप प्याले. मुग्धाला म्हटलं, "मुलगा तू पारखलास, सासू मी पास केली. काढा तारीख."