आईंची विहीर आणि आमचं रसायन

१३ जानेवारी

आज टोस्ट गेले! गेल्या आठवड्यात पिशवीचं दूध, त्याआधी बटाट्याचे वेफर्स. सासूबाई मोबाइल उघडतात, काहीतरी वाचतात आणि डबा उचलून थेट उकिरड्यावर. "पोटुशी हायस गो बाय. न्हाय खायाचा. त्यात मेण घालतात." मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! सातवा लागलाय, भूक आवरत नाही. वैताग नुसता.

१४ जानेवारी

नवरोबा साहिल बंदरावरून ड्यूटी संपवून आला, टोस्टचं ऐकून लोळून हसला. म्हणाला, "आयेची एकदा फिरकी घेऊ. परत कसल्या मेसेजवर विश्वास ठेवणार नाही." दोघांनी मिळून लिहिला — 'सावधान! नळातून येतंय डायहायड्रोजन मोनॉक्साईड! लोखंड गंजतं. फुफ्फुसात गेल्यास मृत्यू. कॅन्सरच्या प्रत्येक गाठीत सापडलं आहे. गरोदर बाईच्या पोटात बाळाभोवती साचतं!!' रसायनाचं नाव माझं, शेवटची ओळही माझी. अक्षर न् अक्षर खरं, कारण ते नुसतं पाणी! साहिलने गावच्या ग्रुपवर टाकला. हसून हसून माझं पोट दुखलं, बाळानेही दोन लाथा हाणल्या.

१६ जानेवारी

आईंनी हळूच विचारलं, "बालाभोवती साचला तर काढतात कसा?" तोंड एवढंसं झालेलं. मी सांगणारच होते. साहिलने डोळे वटारले — रविवारी ओटभरण आहे, सगळ्यांसमोर सांगू. गप्प बसले.

१७ जानेवारी

कहर! आईंचं म्हणणं, बंदरातल्या टँकरातून काहीतरी गळतं आणि तेच नळाला लागलंय. इथे दिवसरात्र टँकरच बघायचे, त्यांना दुसरं काय सुचणार? सकाळीच कॅन घेऊन सहा आसनीने माहेरी गेल्या, तिथल्या विहिरीचं पाणी भरून आणलं. नाक्यापासून डोक्यावर. पाण्यापासून वाचवायला पाणी!

हसू आलं, तेवढ्यात बघितलं — पायरीवर बसून मान चोळत होत्या. "तू ह्योच पी. आमी नळाचा पितो. आमचा काय, झाला आता." पाणी गोड होतं. एक घोट घेऊन पेला झाकून ठेवला.

१९ जानेवारी

ओटभरण झालं. कासारीण आली होती, हिरवा चुडा भरला. बाळंतपणापर्यंत काढायचा नाही. आईंनी स्वतः माझा हात धरून एकेक बांगडी चढवली, तळहाताला तेल लावून. मग जेवताना साहिल उठला. "अगो आये, डायहायड्रोजन म्हणजे पाणी! साधं पाणी!"

सगळं घर हसलं. नणंद प्रणालीने तर व्हिडिओ काढला. आईही हसल्या. मग पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेल्या, त्या भांडी घासून होईपर्यंत आत आल्या नाहीत. पाहुण्यांनी ग्रुपवर हसरी तोंडं टाकली. मेलं, कुठून सुचलं आम्हाला!

२० जानेवारी

आईंनी फोन बंद करून फडताळात ठेवला. मी माफी मागितली. "माफी कसली गो? अडाणी ती अडाणी."

२८ जानेवारी

टोस्ट परत आलेत. कोणी काही म्हणत नाही. एकटीच खाल्ले, मजा नाही आली. बोला ना हो आई, ओरडा एकदा!

१६ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. पाय सुजलेत. शेजारची नूतन म्हणाली, आठव्यात होतंच, उशी घे पायाखाली. आईंनी जेवण वाढताना माझ्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्या रुतल्यात. तोंड उघडलं, मिटलं. आत गेल्या.

१७ फेब्रुवारी

परत तसंच. मनगटाकडे बघतात आणि गप्प. मीच विचारलं, "काय झालं आई?" — "काय न्हाय. मला काय कलतंय?" आपलं हे कर्तृत्व! रडू आलं.

१८ फेब्रुवारी

हे दवाखान्यातून लिहितेय.

सकाळी अजून अंथरुणात होते, आई दारात. लुगडं बदललेलं, पिशवी भरलेली. "हसायचा तर हस. साऱ्या गावाला सांग. पन चल माझ्यासंगं डाक्टरकडं." मी म्हटलं, सोमवारी तपासणी आहेच. तर माझा हात धरला आणि रडायलाच लागल्या. मग काय, रिक्षा बोलावली.

बीपी भयंकर वाढलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबला असतात तर आई-बाळ दोघांचं अवघड होतं." नर्सला हाताला सुई लावायची होती, बांगड्या निघेनात. आईंनी देवाचं नाव घेतलं आणि आपल्याच हातांनी एकेक बांगडी वाढवली. माझ्या कातडीला ओरखडा नाही, त्यांच्या बोटातून मात्र रक्त. साहिल बंदरावरून धावत आला, आईच्या पायाशी बसला. मला विज्ञान येतं म्हणे! आठवीला शरीराचा धडा मी शिकवते, आणि मनगट मात्र आईंनी बघितलं.

२४ फेब्रुवारी

मुलगी! इवलीशी, काचेच्या पेटीत. पण श्वास आपला आपण घेतेय. आईंना काचेतून दाखवली. कितीतरी वेळ काचेला हात लावून उभ्या होत्या.

२ मार्च

आईंनी फडताळातला फोन काढला. टाइप करता येत नाही, म्हणून ग्रुपवर आवाजच पाठवला: "बायांनो, मी कोकिळा बोलतंय. पोटुशी बाईचं पाय सुजलं, डोका दुखला, बांगड्या रुतल्या तर घरी बसू नका. मला असाच झाला, पयली पोर पोटातच गेली. सगली बोलली, होताच. ह्यो मेसेज खोटा न्हाय."

साहिलने दोनदा ऐकला. आपल्या आणि प्रणालीच्या आधी आणखी एक बहीण होती, हे त्याला आज कळलं.

मी पुढे पाठवला. सगळ्यांना.