मेनूतली फेरतपासणी

३ जून, सोमवार
चूक माझीच आहे. तीनदा पाहिलं. लॅबसाठी केलेल्या प्रोग्राममध्ये मेनूतल्या प्रत्येक पर्यायाला एक काम जोडावं लागतं — हा निवडला की ते चालव. मी वरची ओळ उचलून खाली चिकटवली आणि कामाचं नाव बदलायचं राहिलं! मेनूतून 'फेरतपासणी' निवडली की 'मंजूर' चालतं. म्हणजे शंका आली म्हणून डॉक्टरांकडे परत पाठवलेला रिपोर्ट थेट छापून बाहेर. पडद्यावरचं त्याच नावाचं बटण मात्र बरोबर जोडलंय. तपासताना मी तेवढंच दाबलं होतं.
प्रोग्राम लॅबमध्ये जाऊन एकोणीस दिवस झाले.

४ जून
मेनू कुणी वापरतच नसेल. सगळे बटणच दाबतात. — दाबतात ना?

५ जून
लॅबमधल्या काकूंचा फोन. नमुने त्याच हाताळतात. छापताना शेवटची ओळ कापली जाते म्हणत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, फेरतपासणीला बटण वापरता की मेनू?"
"अगं, तुझं ते बटण मुंगीएवढं! मी आपली मेनूतूनच जाते." हसल्या.
फोन ठेवला. ओळ दुरुस्त केली — एक शब्द! आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगायला उठले. पाणी पिऊन परत बसले.

७ जून
धाकटी जाऊ धावत आली. "ताई, सुटलो बाई एकदाचे!" दिरांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट स्वच्छ आलाय. याच लॅबचा. याच दिवसांतला. तिने मिठी मारली, मी लाकडासारखी उभी.

८ जून
साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "दुरुस्ती पाठवून द्या. गाजावाजा नको."
"पण बाहेर गेलेले रिपोर्ट?"
"बाई, कंपनीला टाळं लावायचंय का तुम्हाला?"

१० जून
कुणाला न विचारता लॅबमध्ये गेले. काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. त्या स्टुलावर बसल्या, चष्मा पुसला. म्हणाल्या, "आधी माणसं शोधू. रडायचं ते नंतर."
फेरतपासणीला पाठवलेले नमुने काकू वहीत टिपून ठेवतात. प्रोग्राममधली मंजूर रिपोर्टांची यादी तिच्याशी ताडून पाहिली. अकरा माणसं. सहावं नाव दिरांचं. फोन काकूंनीच केले, एकेकाला. मी नंबर वाचून दाखवले.

१७ जून
डॉक्टरांनी अकराही नमुने पुन्हा पाहिले. दोघांच्या नमुन्यांत कॅन्सर निघाला. एक आमचे दीर. परवा ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. जाऊ माझा हात सोडत नाही — "ताई, तुमच्यामुळे कळलं हो!" तिला मी अर्धंच सांगितलंय.

२१ जून
लॅबने काकूंना कामावरून काढलं. चौकशीच्या कागदावर लिहिलंय — प्रोग्राममध्ये दोष नव्हता, काकूंनी चुकीचा पर्याय निवडला. खाली प्रोग्राम करणारीची सही हवी होती. साहेबांनी पेन पुढे केलं.
भीती वाटली. केली सही.