पंपाखालच्या तीन टाक्या

मी, शेख वाहिद शेख उस्मान, वय ७२, राहणार उमरखेड, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आजार शरीराला आहे. बुद्धी शाबूत आहे.

१. घर, जागा व ठेव वारसांना शरीयतप्रमाणे मिळावी. मृत्युपत्रात मिळकतीच्या फक्त तिसऱ्या हिश्श्यापुरताच माझा शब्द चालतो. तो तरी ऐकावा.

२. माझ्या बंद पेट्रोलपंपाखाली तीन लोखंडी टाक्या आहेत. मधली गळते, हे मला २०१२ पासून ठाऊक आहे. रोज काठी बुडवून माप घ्यायचो. विकले त्यापेक्षा जास्त तेल टाकीतून कमी झालेले दिसायचे. माझी मरहूम बायको जुबैदा हिच्याखेरीज कुणाला सांगितले नाही. ती म्हणाली होती, "बाजूले विहीर हाय ना." मी तिला गप्प केले.

३. ती विहीर सुखीबाई राठोड यांची. त्यांनी विचारले, "वाहिदभाऊ, पाण्याले राकेलवानी वास काहून येऊन राह्यला?"

"ट्रॅक्टरचं डिझेल सांडलं असन," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. पुढे दोन वर्षे त्यांच्या लेकरांनी तेच पाणी प्यायले.

४. पंप बंद झाल्यावर मुलगा अब्रार याने टाक्यांच्या तोंडावर काँक्रीट ओतले. आता तिथे त्याला बालवाडी बांधायची आहे, आवारातच बोअर मारून. मी हात जोडले. तो म्हणाला, "अब्बा, जमिनीखालचं कोणाले दिसते?" या वाक्याबद्दल त्याला माफी नाही, पण ते त्याला मीच शिकवले.

५. माझा तो तिसरा हिस्सा टाक्या काढण्यासाठी. जाणकारांकडून आधी आतली वाफ काढून घ्यावी. माणूस आत उतरवू नये. तेल मुरलेली माती उचलावी, विहिरीचे पाणी तपासावे. तोवर वीटही रचू नये. हे मुलगी उमेरा हिने करवून घ्यावे. माझी पान्यांची पेटीही तिलाच. अब्रारने कधी पाना धरला नाही.

६. काल सुखीबाईंना हे सारे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मेल्यावर कायले? तुमी आज जित्ते हा ना?"

त्यांचे खरे आहे. म्हणून उद्या सोमवारी तहसील कार्यालयात जाऊन, टाकी गळते हे मला माहीत होते, असा जबाब सहीनिशी देणार आहे. मग बांधकाम थांबवावेच लागेल. मला धरून नेले, तर अब्रारने वकील लावू नये.

वाचून, समजून सही केली.
शेख वाहिद शेख उस्मान

आमच्यादेखत सही झाली:
१. वामनराव देवसरकर, निवृत्त शिक्षक
२. विमलताई कदम, शेजारी

उमरखेड, ९ मार्च २०२५