माझ्या नावापुढची गैरहजेरी

सोमवार, संध्याकाळ

निवडणुकीच्या कामावरून आठवड्याने आज वर्गात गेले. शाळेच्या फाटकावर निवडून आलेल्यांचा फलक, 'मतदारांचे मनःपूर्वक आभार'. शाळेचं नाव त्यामागे झाकलं गेलंय. चालायचंच.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या सानिकाने स्वतःच्या वहीत पेन्सिलीने वर्गाची हजेरी लिहून ठेवली होती. शेवटी माझं नाव, पुढे सहा वेळा 'गैरहजर'.

"अगं, मी कामावर होते."

"पण बाई, वर्गात नव्हतात ना?"

सरकारी कागदावर मी सहाही दिवस हजर आहे. मी नव्हते, याची नोंद फक्त त्या पेन्सिलीने ठेवली. रागवायला हवं होतं का?

तिने आजची हजेरी घेतली. माझं नाव आलं, तशी खुर्चीवरून उठले आणि "हजर" म्हणाले.